पाटणचा दमट गोठा आणि माणचा कोरडा गोठा : गोचिडीला काय मानवते?

रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगलेली गोचिडीची मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालून मरते. सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या पावसाळ्यात, सुमारे २७ अंश तापमान आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता मिळाल्यास ही अंडी तीनेक आठवड्यांत फुटतात. त्याच जिल्ह्यातल्या कोरड्या माण तालुक्यात भर वैशाखात मात्र तीच अंडी वाळून सुरकुततात आणि फुटलीच, तर पिल्लेही फार दिवस तग धरत नाहीत. थंडीने अंडी घालणे लांबते, परंतु दमट गारव्यात पिल्ले जनावराची वाट पाहत कित्येक आठवडे जगतात, हे मला अधिक घातक वाटते. हायलोमा या दुसऱ्या जातीची गोचीड मात्र कोरड्या हवेलाही सरावलेली असते. शिवाय माणमध्येही गव्हाणीखाली पाणी सांडून कायम ओल राहत असेल, तर ती जागा आधी तपासावी.