कोल्ट्रेन की रॉलिन्स: आधी कुणाला घरी आणायचं?

जॅझ ऐकणाऱ्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, की सॅक्सोफोनवाल्यांमध्ये सगळ्यात मोठा कोण. मला गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने विचारलं. त्याने नुकताच रेकॉर्ड प्लेअर घेतलाय आणि एलपींचे भाव बघून त्याचे डोळे पांढरे झालेत. त्यामुळे त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता. "मामा, एकाच्याच मागे लागायचं तर कुणाच्या लागू?"

चार्ली पार्करचं नाव घेतलं तर वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो, म्हणून त्याला बाजूला ठेवू. तो मूळपुरुष. त्याच्यानंतर जे वाजवायला उभे राहिले, त्यांच्यावर त्याचं देणं आहेच. कोलमन हॉकिन्स आणि लेस्टर यंग हे आजोबा, आणि आजोबांशी कुणी शर्यत लावत नाही. टेनर सॅक्सवर, म्हणजे जाड, खालच्या आवाजाच्या सॅक्सोफोनवर, मग दोन नावं उरतात, जॉन कोल्ट्रेन आणि सनी रॉलिन्स. तिसरं नाव सुचवणारे खूप भेटतात आणि त्यांचं काही चूक असतं असं नाही. पण मी वीसेक वर्षं येरझाऱ्या घातल्या त्या या दोघांच्याच दारात, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते यांच्याबद्दलच.

दोघांना शेजारी उभं करून ऐकायची सोय एकदाच झालेली आहे. २४ मे १९५६ला रॉलिन्सचं रेकॉर्डिंग होतं. साथीला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यातली माणसं होती, आणि तेव्हा माइल्सकडेच असलेला कोल्ट्रेनही तिथे हजर होता. त्यातून ‘टेनर मॅडनेस’ हा बारा मिनिटांचा ब्लूज निघाला (ब्लूज म्हणजे एका ठरावीक आवर्तनावर फिरणारा जुना साचा). आधी वाजवतो तो कोल्ट्रेन. सूर आवळलेला, धारदार, सारखा वरच्या पट्टीकडे ओढ घेणारा; सांगायचं खूप आहे आणि गाडी सुटायची वेळ झालीय अशी घाई. मग रॉलिन्स येतो आणि खोलीत कुणीतरी सोफा आणून ठेवल्यासारखं वाटतं. रुंद, गोलसर, किंचित आळशी सूर, लयीच्या जरासा मागे रेंगाळणारा. शेवटी दोघे आळीपाळीने वाजवतात तिथे डोळे मिटून कोण कुठला ते ओळखून बघा. पहिल्या खेपेला मी निम्म्या वेळा चुकलो होतो.

ही तुलना कोल्ट्रेनवर थोडा अन्याय करणारी आहे हेही सांगून टाकतो. १९५६चा कोल्ट्रेन अजून पुरता कोल्ट्रेन झाला नव्हता. रॉलिन्स मात्र झालेला होता. पुढच्याच महिन्यात त्याने ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही रेकॉर्ड केली.

आता माझी तक्रार. खरं तर निकाल या एकाच गोष्टीवर लागला.

माझं बहुतेक ऐकणं लोकलमध्ये झालं. ठाण्याहून व्हीटीची फास्ट, कानात इअरफोन, पोटावर सॅक. त्या काळात मी कोल्ट्रेनचं ‘चेसिन द ट्रेन’ मनावर घेतलं होतं. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये वाजवलेलं, १६ मिनिटांचं. पियानोवाला हात बांधून बसलाय, खाली फक्त बास आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स, आणि वर कोल्ट्रेन एकटा सुटलेला. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर माइक घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होता, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात (चेस म्हणजे पाठलाग, आणि ‘ट्रेन’ हे कोल्ट्रेनचं लाडकं नाव). त्याच्या मागे मीही बराच काळ धावलो.

हिशेबाने ठाण्याला सुरू केलेलं घाटकोपरला संपायला हवं. एकदाही संपलं नाही. मुलुंडच्या पुढे कुठेतरी मागून खांद्यावर बोट: "कुर्ला उतरणार का?" मान हलवायची, अर्धं पाऊल सरकायचं, कुणाच्या तरी कोपरात अडकलेली वायर सोडवायची. एवढ्यात सात-आठ सेकंद जातात. कान परत लावले की पत्ताच लागत नाही आपण कुठे आहोत. या वाजवण्यात ठरलेली चाल अशी नाहीच. एक तुकडा फुटून दुसरा होतो, दुसऱ्याचा तिसरा. मधला दुवा निसटला की पुढचं नुसतं ओरडणं वाटायला लागतं. मग पुन्हा पहिल्यापासून. पहिली नऊ मिनिटं मला जवळजवळ पाठ झाली होती. उरलेली सात कशी आहेत, हे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

एका संध्याकाळी वैतागून ‘ब्लू सेव्हन’ लावलं. ‘कोलोसस’मधलं शेवटचं, ११ मिनिटांचं, तोही ब्लूजच. आधी एकटा बास चालत येतो. मग रॉलिन्स अगदी मोजक्या सुरांचा एक तुकडा टाकतो, तोही अर्धवट, वाक्य संपायच्या आधी बोलणारा उठून गेल्यासारखा. त्या दिवशीही खांद्यावर बोट आलं, वायर अडकली, वर ऑफिसातून फोन आला. दोन-तीन मिनिटांनी परत कान लावले, तर रॉलिन्स तोच तुकडा उलटा करून बघत होता. मी जागेवर होतो. काही चुकलं असेल, पण हरवलो नव्हतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर (उपमा लंगडी आहे, गाणाऱ्यांनी हसू नये) कोल्ट्रेन रागात बुडी मारलेला माणूस आणि रॉलिन्स आग्रा घराण्याच्या गायकांसारखा बंदिशीचे बोल हातात धरून लयीशी खेळणारा. मुखडा कुठून वळून येईल ते सांगता येत नाही, पण येतो. ‘सेंट टॉमस’मधला त्याचा सोलो ऐका. ही चाल त्याच्या आईच्या बेटांकडची, कॅलिप्सोच्या ठेक्यावरची. सोलो सुरू होतो दोन सुरांनी. पुन्हा तेच दोन. थोडं थांबून पुन्हा. कुणी दाराची कडी वाजवून गंमत करतंय आणि आत येत नाही असं. मग त्या दोन सुरांतूनच सगळा डोलारा उभा राहतो. आमच्या घरी सॅक्सोफोन म्हणजे लग्नाचा बँड अशीच समजूत असलेली माझी आई या जागेला हसली होती. संगीतात विनोद करता येतो हे कुठल्याही पुस्तकापेक्षा मला त्या हसण्यातून जास्त कळलं. कोल्ट्रेन ऐकून ती हसली नाही. तिने "हा श्वास कधी घेतो रे?" एवढंच विचारलं.

‘माय फेव्हरिट थिंग्ज’च्या वेळी तर खालच्या मजल्यावरून विचारणा झाली होती, कुणाकडे साखरपुडा आहे का. त्यात कोल्ट्रेन सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाचा सॅक्स वाजवतो, आणि भिंतीपलीकडून ऐकलं तर सोप्रानो आणि सनई यांत फारसा फरक राहत नाही. असो.

साथीदारांचंही बघा. टॉमी फ्लॅनगन हा पियानिस्ट ‘कोलोसस’वरही आहे आणि १९५९च्या ‘जायंट स्टेप्स’वरही. पहिल्या ठिकाणी तो आरामात, नेटका, घरच्यासारखा. ‘जायंट स्टेप्स’मध्ये मात्र कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सुरांचे गट) अशा वेगाने आणि अशा आडवळणाने बदलतात की त्याच्या सोलोची पाळी आल्यावर तो अडखळतो, तुटक वाक्यं टाकतो आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्सवर येतो. मोठा वादक होता हो तो. दोष त्याचा नाही. त्याच चक्रव्यूहातून कोल्ट्रेन सहज निघून जातो हे थक्क करणारं आहे, शिकणारी पोरं आजही त्यावर घासून घासून रियाज करतात. पण मैफलीत साथीदार धापा टाकायला लागला की माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे जातं. ही माझी खोड असेल.

आता ज्यामुळे माझा मुद्दा डळमळतो ते. ‘अ लव्ह सुप्रीम’, ९ डिसेंबर १९६४, एका बैठकीत वाजवलेली. पहिल्या भागात चार सुरांचं एक पद आहे, आणि कोल्ट्रेन ते एकेका पट्टीत फिरवत सगळ्या पट्ट्यांतून नेतो, मग सॅक्स खाली ठेवून तेच चार सूर तोंडाने म्हटले जातात. म्हणजे मुखडा धरून ठेवणं त्यालाही येत होतं, हवं तेव्हा. शेवटच्या भागात तर त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना अक्षर न् अक्षर सॅक्सवर वाजवली आहे. ती प्रार्थना कव्हरवर छापलेली आहे. समोर धरून ऐकलं तर कुठल्या शब्दावर तो थांबला तेही कळतं. पेटीवर अभंग काढताना चांगला वाजवणारा जसे शब्द ऐकवतो, तसं. सॅक्सोफोनवर याच्या तोडीचं मी काही ऐकलेलं नाही, आणि यात रॉलिन्सही आला.

फक्त ते ऐकायला घर झोपलेलं लागतं. रात्री अकरानंतर, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये एकदा रेकॉर्ड उलटायला उठायचं. वर्षातून अशा किती रात्री मिळतात ते ज्याचं त्याने मोजावं. माझ्या चार-पाच भरतात.

रॉलिन्सच्याही खोडी कमी नाहीत, आणि विकत घेणाऱ्याने त्या आधी ऐकाव्यात. कोल्ट्रेनचं सगळं महत्त्वाचं काम १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत आटोपलं, चाळिसाव्या वर्षी तो गेला. कुठलीही रेकॉर्ड उचला, ती कशासाठी तरी केलेली आहे. रॉलिन्स पन्नास-साठ वर्षं पसरलेला. सत्तरच्या दशकानंतरच्या स्टुडिओ रेकॉर्ड्समध्ये बऱ्याच गुळगुळीत आहेत, मी दोन घेऊन पस्तावलो. तो खुलायचा लोकांसमोर. आणि मध्येच गायब व्हायचा. नाव शिखरावर असताना १९५९मध्ये त्याने मैफली बंद केल्या, कारण स्वतःचं वाजवणं त्याला पटेना. घरी रियाज केला तर शेजारच्या गरोदर बाईला त्रास होईल म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा, तासन् तास, बाजूने गाड्या धडधडत असताना. दोनेक वर्षांनी परतला तेव्हा लोकांना वाटलं काहीतरी क्रांती घेऊन येईल. त्याने आणली ती ‘द ब्रिज’, १९६२ची, शांत, गिटारच्या साथीची. तेव्हा काहींची निराशा झाली. मला ती रविवारी दुपारी लागते.

एक गंमत आपल्याकडची. भारताचं वेड कोल्ट्रेनला जास्त. ‘इंडिया’ नावाची रचना त्याने केली, पंडित रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. तो रवीही पुढे सॅक्सोफोनच वाजवू लागला. कोल्ट्रेनचे पाय मात्र इथे कधी लागले नाहीत. रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत येऊन पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून गेला, आणि पुढे १९७८च्या ‘जॅझ यात्रा’ या मुंबईतल्या महोत्सवात वाजवूनही गेला. मी पवईहून जाताना अजून इकडेतिकडे बघतो. आता नुसते टॉवर दिसतात.

तर भाच्याला मी काय सांगितलं? तुझ्याकडे दार बंद होणारी खोली असेल आणि एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडायची सवय असेल तर कोल्ट्रेन घे, आणि सुरुवात ‘ब्लू ट्रेन’ने कर. त्याचा धाक वाटत असेल तर ‘बॅलड्स’ आहे, त्यात तो अगदी सौम्य, चाल न मोडता वाजवतो. १९६५च्या ‘असेन्शन’पर्यंत घाईने जाऊ नकोस. आणि ऐकणं स्वयंपाक, प्रवास, फोन, कुकरच्या शिट्ट्या यांच्या फटीतून होणार असेल, तर ‘सॅक्सोफोन कोलोसस’ घे. नंतर ‘वे आउट वेस्ट’ घे, पियानो नसलेली, कव्हरवर रॉलिन्स काउबॉयची टोपी घालून उभा. पहिल्याच गाण्यात ड्रम्सवाला घोड्याच्या टापा वाजवतो, टांग्यात बसल्यासारखं वाटतं.

"म्हणजे रॉलिन्स मोठा?" भाचा म्हणाला. असं मी म्हटलेलं नाही, मी म्हणालो. त्याने त्या संध्याकाळी ‘कोलोसस’ मागवली.

परवाच्या रविवारी मेगाब्लॉक होता. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली ती राहिलीच. डबा अर्धा रिकामा, कुणी काही विचारायला नाही. मी ‘चेसिन द ट्रेन’ लावलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सोळाच्या सोळा मिनिटं सलग ऐकली. नवव्या मिनिटानंतरचं वाजवणं जबरदस्त आहे, हे कबूल करतो. संपल्यावर खिडकीबाहेर बघत बसलो. मग गाडीला धक्का बसला, ती हलली, आणि मी ‘सेंट टॉमस’ लावलं.