ब्लीचिंगनंतर दात शिवशिवतात? ट्यूबची मागची बाजू वाचून पेस्ट घ्या

दात पांढरे करून घेतले त्या रात्री गार पाण्याचा पहिला घोट घेतला की समोरच्या दातातून सणकन कळ जाते. कधी तर खाणंपिणं काही नसताना, बसल्या जागी, एखाद्याच दातात वीज चमकल्यासारखं होतं आणि दोन-तीन सेकंदांत थांबतं. मेडिकलमध्ये ‘सेन्सिटिव्हची पेस्ट द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती ट्यूब मिळते. पण या सगळ्या ट्यूबा एकच काम करत नाहीत.

एरवी दात शिवशिवतात ते बहुतेकदा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडल्यामुळे. डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, बारीक नळ्या असतात. त्यांची तोंडं उघडी राहिली की गार लागताच आतला द्रव हलतो आणि कळ येते. ब्लीचिंगचं कारण वेगळं. जेलमधलं पेरॉक्साइड इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) आणि डेंटिन पार करून काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोहोचतं आणि तिथे तात्पुरती सूज आणतं. त्यामुळे वरून नळ्यांची तोंडं बुजवली तरी नस पूर्ण शांत होत नाही.

म्हणून आमची पहिली पसंती ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टला. सेन्सोडाइन फ्रेश जेल ही त्यातली सहज मिळणारी. पोटॅशियम आत झिरपतं आणि नसेची संवेदना मंद करतं. उणीव एकच, पण मोठी: नुसत्या ब्रशिंगने गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा ट्यूब ब्लीचिंगच्या दोन आठवडे आधी आणून सकाळ-संध्याकाळ वापरा. घासून झाल्यावर जादाचा फेस थुंकून टाका, खळखळून चूळ भरू नका. औषध दातावर राहिलं तरच काम करतं.

घरी ट्रे (दातांवर बसणारा, जेल भरायचा साचा) वापरून ब्लीचिंग करत असाल तर हीच पेस्ट ट्रेमध्ये घालता येते, आणि तिचा खरा फायदा इथे दिसतो. ट्रे धुऊन कोरडा करा, पुढच्या दातांच्या जागी आतून पेस्टची बारीक रेघ ओढा आणि १० ते ३० मिनिटं लावून ठेवा. ब्लीचिंगच्या आधी किंवा नंतर, कधीही चालेल. त्याआधी घटकांमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट आहे का ते बघा. असेल तर ती पेस्ट ट्रेमध्ये नको, इतका वेळ लागून राहिली की हिरडी चुरचुरते.

कोलगेट सेन्सिटिव्ह प्रो-रिलीफमध्ये आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते नळ्यांची तोंडं बुजवतं. दुखरी जागा नेमकी सापडत असेल, विशेषतः हिरडीलगत, तर बोटावर थोडी पेस्ट घेऊन त्या जागी मिनिटभर हलक्या हाताने चोळा. मिश्री किंवा खरखरीत दंतमंजन वर्षानुवर्षं लावून दाताच्या मानेशी खाच पडली असेल तर ही पेस्ट चांगली. अशा खाचांवर ब्लीचिंगचं जेल लागलं की कळ दुप्पट होते, म्हणून त्या खाचा ब्लीचिंगआधीच डॉक्टरांकडून भरून घ्या.

नोव्हामिन म्हणजे खास काचेचे बारीक कण. त्याच्या पेस्टमध्ये पाणी नसतं, कारण पाणी लागताच त्या कणांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. व्हँटेज त्यातलीच. ब्रश ओला न करता कोरड्यावर घ्या. ब्लीचिंगनंतर काही आठवडे वापरायला उत्तम, पण त्या रात्रीच्या कळेवर तिच्याकडून फार अपेक्षा नको.

जीसी टूथ मूस हे दातांवर लावायचं क्रीम महाग आहे, तरी ज्यांना ब्रश टेकवणंही नकोसं होतं त्यांच्यासाठी पैसे वसूल. मटाराच्या दाण्याएवढं बोटाने दातांवर पसरा, तीन मिनिटं ठेवा, मग जास्तीचं थुंका आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. यातलं प्रथिन दुधातलं असतं, दुधाची ॲलर्जी असेल तर हात लावू नका.

पेस्ट चांगली असूनही त्रास कमी होत नसेल तर वापरात चूक शोधा. ट्रेमध्ये जेल जास्त भरलं की ते हिरडीवर ओघळतं आणि तिथे पांढरा चट्टा पडतो. ब्लीचिंग रोज न करता एक दिवसाआड करा. १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल असेल तर डॉक्टरांना १० टक्क्यांचं मागा. रंग उजळायला दिवस जास्त लागतील, पण दात सुसह्य राहतील. त्या दिवसांत कोळशाची पेस्ट बंद, लिंबू सरबत आणि कोकम सरबतही बंद. पाणी कोमटच प्या.

दवाखान्यातल्या तीव्र जेलनंतरची कळ बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. गार लागल्यावर ठणका मिनिटभराहून जास्त रेंगाळत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल किंवा चावताना एकच दात दुखत असेल, तर ती ब्लीचिंगची शिवशिव नव्हे. त्या दातात कीड, तडा किंवा गळकं फिलिंग असू शकतं. ब्लीचिंग थांबवा आणि दात तपासून घ्या.