पद्मिनीचे इंजिन: शनिवार-रविवारी घरी, की बोअरिंगवाल्याकडे?
कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचे 1089 सीसीचे इंजिन इतके साधे आहे की हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवून काजळी खरवडणे, व्हॉल्व्ह (झडपा) पेस्ट लावून घासणे आणि नवे गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारा थर) घालणे ही कामे दोन दिवसांत घरी होऊ शकतात. व्हॉल्व्हच्या कडेवर अखंड राखाडी रेघ उमटलेली पाहण्याचे समाधान मला फार मोलाचे वाटते. मात्र हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. सिलिंडरच झिजले असतील, तर ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे सिलिंडर यंत्रावर आतून कोरून देणाऱ्याकडे, द्यावा लागतो. तिथे पैसे आणि दिवस जास्त जातात. म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावे: सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घातल्यावर आकडा वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), आणि तसाच राहिला, तर बहुधा व्हॉल्व्हचा असतो.