जहाज की बेट? लातूरहून लक्षद्वीपची क्रूझ आणि अंदमानची सहल

सोयाबीन विकलं की आमच्या परभणीच्या दाजींना सहलीचे वेध लागतात. यंदा फोनवर म्हणाले, "मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझ निघते म्हणे. जावं का? का सरळ अंदमान करावं?" आमचं दोन्ही करून झालंय, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. फोनवर ते काही पुरलं नाही.

पहिली गोष्ट अशी की, क्रूझला गेलेला माणूस खरं तर जहाजावर राहायला जातो. बेट त्याला वाटेत लागतं. आमच्या फेरीत जाताना एक अख्खा दिवस आणि येताना एक अख्खा दिवस चहूकडे नुसतं पाणी होतं. बेटावर पाय टेकले ते जेमतेम चार तास. अंदमानात सहा दिवस होतो, तर सहाही दिवस चपलांत वाळू होती.

तरी लक्षद्वीपला चार तासही थोडे वाटत नाहीत, कारण जागाच केवढी! सगळी बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपला पैठणचा नाथसागर भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे अख्खं लक्षद्वीप त्यात दहा वेळा बुडेल. अंदमान-निकोबार मात्र ८,२४९ चौरस किलोमीटर आहे, लातूर जिल्ह्याहून मोठं. ते घाईत बघायला गेलं की फक्त दमणूक हाती लागते.

आता घरात म्हातारं माणूस असेल तर हे नीट वाचा. जहाजात लिफ्ट, डॉक्टर, वेळच्या वेळी जेवण, सगळं असतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जहाजावर त्यांना काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो बेटावर उतरताना. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचं कडं आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटींतून नेतात. जहाजाच्या पोटातल्या दारातून त्या बोटीत पाय टाकायचा. बोट फूटभर वर येते, फूटभर खाली जाते. सासूबाईंनी हात पुढे केला, तर खलाशी म्हणाला, "हाथ नहीं माँजी, कलाई." त्यानं त्यांचं मनगट धरलं, त्यांना त्याचं मनगट धरायला लावलं, बोट वर यायची वाट पाहिली आणि "अब" म्हणाला. काठपदराचा घोळ एका हातात धरून त्या बरोब्बर बोटीत. दुपारी लाटा वाढल्या आणि पुढच्या गटाचं उतरणंच रद्द झालं. त्या गटात आमचे दीर होते. त्यांनी लक्षद्वीप पाहिलं ते कठड्यावरून. हवामानामुळे उतरता आलं नाही तर पैसे परत नाहीत, हे अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते आधी कोण वाचतं?

अंदमानात चालणं जास्त. सेल्युलर जेल तिमजली, १९०६ साली पूर्ण झालेलं. सात पाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, जिने चढूनच जावं लागतं. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथं जायला फेरीबोट, दोनेक तासांची. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या तर पहाटे तीनला गाडीत बसा, कारण जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडतात आणि वाटेत फोटो काढायला सक्त मनाई आहे. आणखी एक, डिसेंबरात तिथं संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो. लातूरच्या सवयीनं दहाला आवरून बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

खर्चाचं बोलायचं तर क्रूझचा जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघांनी एक केबिन घेतली असं धरून. वर कर आणि सेवा शुल्क. पेयं, इंटरनेट, बेटावरची सफर यांचे बहुधा वेगळे. बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त. आम्ही तीच घेतली होती आणि परत घेणार नाही. दिवा मालवला की रात्रीचे दोन की सकाळचे आठ, काही कळत नाही. खिडकीवाली घ्या, शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर, तिथं हेलकावे कमी लागतात. किनारा सुटला की मोबाईल विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येईल. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊच नका, चढतानाच काढून घेतात. अंदमानात पैसे तुकड्या-तुकड्यांनी जातात. त्यातला मोठा तुकडा विमानाचा, त्यामुळे तिकीट जितकं आधी काढाल तितकं बरं.

पोचायला मुंबई सोपी. लातूर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला सोडते, परभणीकरांना देवगिरी आहे, आणि क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून टॅक्सीनं दहा मिनिटांवर. पण जहाज कुणासाठी थांबत नाही. गाडीला उशीर होण्याची धास्ती नको असेल तर आदल्या दिवशीच जा. अंदमानला नांदेड-लातूरकरांनी आधी हैदराबादहून थेट विमान बघावं, नाहीतर चेन्नई. चेन्नईहून तीन दिवसांचं जहाजही असतं, पण ते क्रूझ नव्हे, प्रवासी बोट. तरुणपणी ठीक आहे.

तिसरा पर्यायही सांगून टाकते. लक्षद्वीप प्रशासनाचं 'समुद्रम' पॅकेज कोचीहून निघतं: रात्री जहाजात, दिवसा बेटावर, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. झगमगाट नाही, पण बेटं नीट बघायची तर हेच. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंग करतानाच विचारा. दाजींच्या मित्रमंडळासाठी म्हणून सांगते, बंगारम बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. पासपोर्ट असेल तर सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या क्रूझ आहेत. तो वेगळाच हिशेब.

जहाजाची बाजू मी उगाच पाडत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात राहते मी. जहाजावर नळ सोडला तर धो-धो पाणी! कर्मचाऱ्याला विचारलं, तर म्हणाला समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतो. भर समुद्रात हजारभर माणसं अंघोळ करतायत, वर पोहण्याचा तलाव. सासूबाई रोज दोनदा अंघोळ करायच्या आणि नळ मात्र घट्ट बंद करून यायच्या.

दाजींच्या घरात दोन शाळकरी पोरं आहेत, आई धडधाकट आहे आणि सहा दिवस मोकळे आहेत. त्यांना मी अंदमान सांगितलं, तेही जानेवारीत. तीनच दिवस असते, किंवा आईला चालवत नसतं, तर डोळे झाकून क्रूझ म्हटलं असतं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं भाकरी मिळते का?" नाही मिळत, दोन्हीकडे नाही. शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या.