मोनार्क फुलपाखरांचा हिवाळी मुक्काम: मेक्सिकोचे डोंगर की कॅलिफोर्नियाचा किनारा?

उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरे हिवाळा दोन अगदी वेगळ्या प्रदेशांत काढतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेला, थेट दक्षिण कॅनडापर्यंत वाढलेली फुलपाखरे मध्य मेक्सिकोतील डोंगरांवर उतरतात, तर पश्चिमेकडची बहुतेक फुलपाखरे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या झाडांवर जमतात. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबाला एका हिवाळ्यात यांपैकी एकच ठिकाण पाहणे शक्य आहे, त्याच्यासाठी ही तुलना आहे. माझे मत असे की, चढण झेपत असेल आणि चार-पाच दिवसांची सवड असेल तर मेक्सिकोला जावे.

याचे मुख्य कारण संख्या हे आहे. मेक्सिकोत फुलपाखरे मोजण्याऐवजी त्यांनी व्यापलेल्या जंगलाचे क्षेत्र मोजतात. २०२४-२५ च्या हिवाळ्यात ते १.७९ हेक्टर होते. एका हेक्टरात सुमारे दोन कोटी फुलपाखरे असतात हा अंदाज धरला, तर त्या वर्षी तेथे साडेतीन कोटींच्या आसपास मोनार्क होते. त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्निया आणि आसपासच्या सर्व ठिकाणांची झर्सेस सोसायटी या कीटकसंवर्धन संस्थेची गणना अवघी ९,११९ भरली. मेक्सिकोतही घसरण झालेली आहे, आणि ती भयंकर आहे: १९९६-९७ मध्ये सुमारे १८ हेक्टर असलेले क्षेत्र २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आले होते. तरीही त्या सर्वांत वाईट वर्षी तेथे कोटीभर फुलपाखरे होती. कॅलिफोर्नियात मात्र १९९७ मध्ये सुमारे १२ लाख, २०२० मध्ये दोन हजारांहून कमी आणि २०२२ मध्ये पुन्हा ३ लाख ३५ हजार, असे टोकाचे चढउतार दिसतात. २०२० च्या गणनेत पॅसिफिक ग्रोव्हच्या प्रसिद्ध राईत एकही फुलपाखरू आढळले नव्हते.

मेक्सिकोतील वसाहती समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर, ओयामेल नावाच्या फर वृक्षांच्या जंगलात असतात. शास्त्रज्ञांना त्यांचा पत्ता जानेवारी १९७५ मध्ये लागला. केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो हे दोघे कॅनडाचे संशोधक फ्रेड अर्कहार्ट यांच्यासाठी शोध घेत तेथे पोहोचले होते. डोंगरांतील गावकऱ्यांना अर्थातच ही फुलपाखरे पूर्वीपासून ठाऊक होती. दाट फर वृक्ष रात्रीच्या थंडीत पांघरुणाचे आणि पावसात छत्रीचे काम करतात. फुलपाखरू भिजले आणि पाठोपाठ तापमान शून्याखाली गेले की ते मरते. जानेवारी २००२ च्या वादळानंतर अशी फुलपाखरे प्रचंड संख्येने मेली. म्हणूनच येथे होणारी वृक्षतोड इतकी घातक ठरते. यातील बरीचशी जंगले एजिदोंची, म्हणजे गावांच्या सामुदायिक मालकीची आहेत. प्रवेशशुल्क, वाटाड्यांची मजुरी आणि घोड्यांचे भाडे यांतून गावाला मिळणारे उत्पन्न हे झाडे उभी ठेवण्याचे एक रोकडे कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने मेक्सिकोच्या बाजूचा हा फार मोठा मुद्दा आहे.

कॅलिफोर्नियाची बाजू सोयीची आहे. सांताक्रूझचे नॅचरल ब्रिजेस, पॅसिफिक ग्रोव्ह आणि पिस्मो बीच येथे निलगिरी, पाइन किंवा सरूच्या राया रस्त्याला लागूनच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून सांताक्रूझला सकाळी निघून दुपारी परतता येते. भारतातून आलेले वयस्कर आईवडील किंवा तान्हे मूल सोबत असेल, तर हाच पर्याय योग्य. नॅचरल ब्रिजेसला लाकडी पायवाट असल्याने फारसे चालावेही लागत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर हा तेथील चांगला काळ. निघण्यापूर्वी त्या वर्षीची ताजी गणना अवश्य पाहावी, कारण वाईट वर्षी हाती निराशाच येते.

मेक्सिकोतील अभयारण्ये साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत खुली असतात, पण जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा हा काळ निवडावा. तेव्हा ऊन वाढते आणि फांद्यांना लगडलेले थवे पाण्याच्या ओढीने खाली येऊ लागतात. ढगाळ दिवशी ती बहुधा पंख मिटून बसून राहतात, त्यामुळे एक दिवस राखीव ठेवावा आणि डोंगरावर सकाळी उशिरा, ऊन तापल्यावर पोहोचावे. विरळ हवेत धाप लागते. घोडा मिळतो, पण शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो.

सुरक्षेचा प्रश्न टाळता येणार नाही. एल रोसारियो आणि सिएरा चिंकुआ ही सर्वांत नावाजलेली ठिकाणे मिचोआकान राज्यात आहेत, आणि त्या राज्याबाबत अमेरिकी परराष्ट्र खात्याने अनेक वर्षे सर्वांत कडक इशारा दिलेला आहे. त्यामुळे प्रथमच जाणाऱ्यांना मी शेजारच्या, मेक्सिको हेच नाव असलेल्या राज्यातील पिएद्रा एर्रादा हे अभयारण्य सुचवेन. तेथील चढण खडी आहे, पण ते वाये दे ब्राव्हो या पर्यटनस्थळाजवळ असून मेक्सिको सिटी या राजधानीपासूनही कमी अंतरावर आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र परतीच्या दिवशी तो व्हिसा वैध असेल, याची खात्री तिकीट काढण्यापूर्वीच करून घ्यावी.