विंडोज आणि लिनक्स मिंट एकाच डेस्कटॉपवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या डेस्कटॉपमध्ये सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन धजेना. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरसाठी विंडोज हवंच होतं, म्हणून ते ठेवून शेजारी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मशीन सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायची, यालाच डुअल बूट म्हणतात.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करायची, पेन ड्राइव्हवरून मिंट बसवायचं. बॅकअप मात्र आधी घ्या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

आमच्याकडे नियम एकच: विंडोजमध्ये फक्त टॅली. बँक, मेल, जीएसटी पोर्टल सगळं मिंटच्या फायरफॉक्समधून. टॅलीतून जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची जेसन फाइल काढायची आणि मिंटमध्ये येऊन अपलोड करायची. इथेच विंडोज लवकर सुरू करणारा फास्ट स्टार्टअप आडवा येतो. तो चालू असला की शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. मग लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह एकतर उघडत नाही, नाहीतर नुसता वाचता येतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो बंद केला की काम झालं.

दुसरी भानगड घड्याळाची. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालवतं, विंडोज स्थानिक वेळ धरून. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे मिंट बंद करून रात्री नऊला विंडोज उघडलं तर दुपारचे साडेतीन दिसतात आणि फायलींवर तीच वेळ पडते. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) या कमांडने लिनक्सलाही स्थानिक वेळेवर आणलं, तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ.

मराठीचा प्रश्न आलाच नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी कगप (KaGaPa) हा लेआउट निवडला की उच्चाराप्रमाणे टाइप होतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. अपडेट आपण म्हणू तेव्हाच होतात, हे मला फार आवडलं.

खटकतं ते रीस्टार्ट. दिवसातून चार वेळा टॅली उघडावी लागत असेल, तर डुअल बूटच्या वाटेला जाऊ नका. मशीनमध्ये जागा असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर सिक्युअर बूट (खात्री नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सुरू होईना. वेगळ्या डिस्कनेही तो अडथळा टळला नसता, पण दोघांचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारे प्रोग्राम) वेगळे राहतात आणि एक बिघडला तरी दुसऱ्याला हात लावावा लागत नाही.