कार्डं झकास, उत्तरपत्रिका मात्र कपाटात ठेवा

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात मी अकरावीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडे अकरावी म्हणजे अमेरिकन साहित्य, आणि सुरुवात प्युरिटनांपासून, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून इथे येऊन वसलेल्या कडव्या धार्मिक लोकांपासून. फळ्यावर त्यांच्यातल्या कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीटचं नाव लिहिलं की मुलांपुढे कुणी एरंडेलाची वाटी ठेवल्यासारखे चेहरे होतात. म्हणून यंदा शिक्षकांच्या एका ऑनलाइन बाजारातून १२ डॉलरला तयार संच घेतला. विषय, शब्दांच्या अर्थच्छटा. आत ब्रॅडस्ट्रीट आणि फिलिस व्हीटली यांच्या कविता, ४० शब्दकार्डं, 'चांगली, वाईट, कोरी' अशा तीन रकान्यांचा तक्ता आणि उत्तरपत्रिका.

कार्डांना पैकीच्या पैकी. जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द मुलांनी सौम्यापासून झोंबणाऱ्यापर्यंत ओळीने लावायचे. 'चाइल्ड', 'ऑफस्प्रिंग', 'ब्रॅट' यांवरून वर्गात अशी जुंपली की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. ब्रॅडस्ट्रीटच्या बहिणीच्या नवऱ्याने तिच्या कविता तिला न विचारता लंडनला नेल्या आणि १६५० साली छापून आणल्या. पुढे तिने त्या पुस्तकालाच उद्देशून कविता लिहिली, त्यात ती त्याला 'ब्रॅट' म्हणते. उत्तरपत्रिका म्हणते, वाईट छटा. अहो, आई पोराला 'कार्टं' म्हणते तेव्हा ते कुठल्या रकान्यात टाकायचं?

माझं भांडण इथेच सुरू होतं. त्याच कवितेत पोराला सजवायला घरात 'होमस्पन' कापडाशिवाय काही नाही, असं ती म्हणते. उत्तरपत्रिकेत 'होमस्पन' चांगल्या रकान्यात! तिला तर त्या जाड्याभरड्या कापडाची लाज वाटतेय. शंभरेक वर्षांनी वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला, तेव्हा कुठे घरी कातलेलं कापड मिरवायची गोष्ट झाली. खादीची गोष्ट माहीत असलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती जळलेल्या घराच्या कवितेची. १० जुलै १६६६ ला तिचं घर जळालं. राखेजवळून जाताना ती आठवते, इथे ट्रंक होती, तिथे पेटी, माझ्या 'प्लेझंट थिंग्ज' राख झाल्या. आणि शेवटाकडे त्याच चीजवस्तूंना ती 'पेल्फ' म्हणून निरोप देते. पेल्फ म्हणजे हपापाचा माल, असा वास असलेला शब्द. वस्तू त्याच, शब्द बदलला, आणि दोन शब्दांच्या मधे तिने मनाला किती ओढून आणलंय ते दिसतं. संचात कविता निम्म्यावर कापलीय, त्यामुळे पेल्फ आलाच नाही! मी पूर्ण कविता छापून वाटली. वर्गात एक मराठी मुलगी आहे. तिला हळूच म्हटलं, "आपल्याकडे 'बरीच माया जमवली' म्हणतात, तसं." ती म्हणाली, "पण आजी तर माया म्हणजे प्रेम म्हणते." पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी मराठीत होतो, बाकीचे बघत होते.

व्हीटलीची आठ ओळींची कविता मात्र पूर्ण आहे. सात-आठ वर्षांची असताना १७६१ मध्ये तिला गुलाम म्हणून बॉस्टनला आणलं, १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. काही लोक आमच्या 'सेबल रेस'कडे, म्हणजे काळ्या वंशाकडे, तुच्छतेने बघतात, असं ती कवितेत म्हणते. त्यातला 'सेबल' उत्तरपत्रिकेने 'वाईट' मध्ये ढकललाय. मागच्या बाकावरच्या एकाने फोनवर शोधून सांगितलं, सेबल हा प्राणी आहे आणि त्याची फर राजेरजवाडे घालायचे. "मिस, ते तुच्छतेने बघतायत आणि ती स्वतःला राजाचा कोट घालतेय." यावर उत्तरपत्रिका काय बोलणार? त्यात भर म्हणजे त्यांच्या रंगाला उद्देशून आलेल्या मूळ छापील 'डाय' (die) चं स्पेलिंग संचात सुधारून रंगाचं (dye) केलंय. जुन्या स्पेलिंगमध्ये रंग आणि मरण दोन्ही दिसायचं, ते गेलं.

पाचपैकी साडेतीन तारे. घ्या, पण सवलतीत मिळाला तर. कार्डं जाड कागदावर छापा, साध्या कागदावरची माझी दुसऱ्या वर्गापर्यंतच दुमडली. तक्त्याला मी हाताने चौथा रकाना आखलाय, 'कोण म्हणतंय यावर'. सध्या सगळ्यात जास्त कार्डं तिथेच पडतात.